रातांब्याच्या जागी मँगोस्टीन: वेंगुर्ले तालुक्यातल्या एका घरच्या संगणकाचं प्रकरण

घर वेंगुर्ले तालुक्यातलं, जांभ्याचं, समुद्रापासून फार लांब नाही. घरगुती व्यवसाय कोकम आगळ, सोलं, आंबापोळी, फणसपोळी, काजू आणि कुळथाचं पीठ असा सहा पदार्थांचा. लेबलांवरची चित्रं आतापर्यंत छापखान्यातून, नेटवरून उचललेली यायची. प्रत्येक बाटली वेगळ्या घरची वाटे. घरातल्या सुनेला सहाही लेबलांवर एकाच हातची, रेषा आणि जलरंगाची चित्रं हवी होती. महिन्याला पैसे घेणारी ऑनलाइन सेवा नको होती, कारण पावसात नेटचा भरवसा नाही. शिवाय हे काम एकदाचं नव्हे, दर हंगामाला बदलणारं. म्हणून चित्रं बनवणारं एआय घरच्याच संगणकावर बसवायचं ठरलं.

एक गोष्ट आधी बोलून टाकू. एकाच बाटलीसाठी एकच चित्र हवं असेल तर ह्या भानगडीत पडू नये. चांगल्या उजेडात काढलेला फोटो पुरतो. इथे सहा चित्रांची मालिका आणि तिची शैली सांभाळायची होती, त्यामुळे खटाटोपाला अर्थ होता.

संगणक होता हिशेब आणि बिलांसाठी घेतलेला: दहाव्या पिढीचा आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क, ४ जीबीचं जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड आणि साधा ४५० वॉटचा एसएमपीएस, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा. तक्रारी तीन. चित्र काळं येतं. संध्याकाळी संगणक आपोआप बंद होऊन परत चालू होतो. आणि ही दोन दुखणी बरी झाल्यावर तिसरी पुढे आली: रातांबा, म्हणजे कोकमाचं फळ, मागितला की मँगोस्टीन हे वेगळंच परदेशी फळ मिळतं.

काळं चित्र

सुरुवातीला ऑटोमॅटिक-११११ हे ब्राउझरमधून चालवायचं सॉफ्टवेअर आणि स्टेबल डिफ्यूजन १.५ हे वर्णनावरून चित्र बनवणारं मॉडेल बसवलं होतं. पहिल्याच चित्राला ‘नॅन’ची चूक आली, म्हणजे हिशेबात कुठेतरी आकडाच उरला नाही. कुणीतरी सांगितलं की ‘डिसेबल-नॅन-चेक’ हा पर्याय लावा. लावला. चूक दिसायची थांबली आणि काळं चित्र यायला लागलं. ह्यात नवल काही नाही: त्या पर्यायाने रोग जात नाही, फक्त तपासणी बंद होते.

मूळ कारण कार्डात होतं. ही मॉडेलं जागा वाचवण्यासाठी १६ बिटांच्या आकड्यांत चालवतात. जीटीएक्स १६ मालिकेतली १६५० आणि १६६० ही कार्डं ह्या कामात १६ बिटांत गडबडतात, हे ती वापरणाऱ्यांना चांगलं ठाऊक आहे. उपाय म्हणजे ‘नो-हाफ’ लावून सगळं ३२ बिटांत चालवायचं. पण मग जागा दुप्पट लागते. स्टेबल डिफ्यूजन १.५ च्या मुख्य जाळ्यात (चित्र घडवणाऱ्या न्यूरल नेटवर्कमध्ये) सुमारे ८६ कोटी पॅरामीटर, म्हणजे शिकलेले आकडे, आहेत. १६ बिटांत ते १.७ जीबीत बसतात, ३२ बिटांत ३.४ जीबी घेतात. कार्डावर ४ जीबी, त्यातली थोडी विंडोज आधीच खाऊन बसलेली. चित्र काढायला जागा कुठे उरली? ‘लो-व्हीरॅम’ लावून मॉडेल तुकड्यातुकड्याने रॅममधून आणता येतं, पण रॅमच ८ जीबी, त्यामुळे उरलेला भार हार्ड डिस्कवर पडला. एका ५१२ बाय ५१२ च्या चित्रासाठी मिनिटांवर मिनिटं. चालतं म्हणायला चालतं, काम होत नाही.

काळ्या चित्राचं दुसरंही एक कारण असतं आणि ते कार्ड बदललं तरी भेटतं. एसडीएक्सएल ह्या स्टेबल डिफ्यूजनच्या पुढच्या, मोठ्या मॉडेलचा (पुढे इथेही तेच वापरलं) व्हीएई, म्हणजे शेवटी आकड्यांचं चित्र करणारा भाग, १६ बिटांत उतू जातो. दोन्हींतला फरक ओळखायला चित्र बनताना दिसणारी झलक चालू ठेवावी. झलक शेवटपर्यंत नीट दिसली आणि अखेरचं चित्र तेवढं काळं आलं तर दोष व्हीएईचा. १६ बिटांसाठी दुरुस्त केलेला व्हीएई वेगळा मिळतो, तो लावायचा. झलकच पहिल्यापासून कोरी असेल तर दोष मुख्य जाळ्याचा किंवा कार्डाचा. इथे झलकही कोरी होती.

काय बदललं आणि का

कार्ड घेतलं आरटीएक्स ३०६०, १२ जीबीचं. ह्या कामात कार्डाच्या वेगाआधी कार्डावरची मेमरी बघायची. मेमरी कमी पडली की वेगवान कार्डही रांगतं. दुकानदार ३०६० म्हणून ८ जीबीचंही देऊ शकतो. नाव तेच, पण मेमरीचा रस्ताही अरुंद, १९२ बिटांऐवजी १२८ बिटांचा. खोक्यावर १२ लिहिलेलं वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत. जुनं कार्ड घेणार असाल तर विक्रेत्याच्याच संगणकावर अर्धा तास पूर्ण भाराने चालवून बघा आणि तापमानाकडे नजर ठेवा. पंख्याचा खरखराट येत असेल किंवा पडद्यावर ठिपके दिसत असतील तर तसंच परत फिरायचं.

कार्डाबरोबर एसएमपीएस बदलावाच लागला. जीटीएक्स १६५० चं हे कार्ड मदरबोर्डाच्या खाचेतूनच ७५ वॉटपर्यंत वीज घेत होतं. ३०६० ची मर्यादा १७० वॉट आणि तिला आठ पिनांची वेगळी तार लागते. जुन्या एसएमपीएसला ती तारच नव्हती. हार्ड डिस्कच्या तारेवरून आठ पिना करून देणारा जोड मिळतो. तो लावू नये, तार तापते आणि प्लास्टिक वितळतं. चांगल्या कंपनीचा ५५० वॉटचा एसएमपीएस घेतला. रॅम ३२ जीबी केली, कारण एसडीएक्सएलची फाइलच ७ जीबीच्या आसपास असते आणि ती उघडताना ८ जीबी रॅमचा संगणक गुदमरतो. मॉडेलांसाठी एसएसडी घेतली. हार्ड डिस्क हिशेबाला ठेवली.

मॉनिटरची तार कार्डावरून काढून मदरबोर्डाला लावली. प्रोसेसरमध्ये स्वतःचा ग्राफिक्स असेल तर हे जमतं (नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेल्यात जमत नाही). विंडोजचा पडदा मग कार्डाची मेमरी जवळजवळ खात नाही. ही पैसा न लागणारी सुधारणा, पण बहुतेकजण तीच विसरतात.

सॉफ्टवेअर म्हणून कम्फीयूआयची पोर्टेबल आवृत्ती घेतली. संकुचित फाइल उलगडायची, एनव्हिडिया कंपनीच्या कार्डांसाठीची बॅच फाइल चालवायची, ब्राउझरमध्ये ८१८८ ह्या पोर्टवर ते उघडतं. फोल्डर डी ड्राइव्हवर, छोट्या रोमन नावाचं ठेवलं; मार्गात देवनागरी नाव किंवा मोकळी जागा असली की काही पूरक भाग अडतात. मॉडेल ‘चेकपॉइंट्स’ फोल्डरात, लोरा (मॉडेलला जोडायची पूरक फाइल, तिच्याबद्दल पुढे) ‘लोराज’मध्ये. फाइल सेफटेन्सर्स प्रकारचीच घ्यावी. जुन्या सीकेपीटी प्रकारात फाइल उघडताना आतला कोड चालू शकतो.

७ जीबीची फाइल इथल्या नेटवर एका दमात उतरत नाही. ब्राउझरने दोनदा अर्धवट फाइल ‘पूर्ण’ म्हणून ठेवली आणि कम्फीयूआयने हेडर, म्हणजे फाइलचा सुरुवातीचा भाग, वाचता येत नाही अशी तक्रार केली. थांबलेली फाइल पुढे चालू करणारा डाउनलोडर वापरावा आणि उतरल्यावर विंडोजच्या सर्टयुटिलने फाइलचा शा-२५६ आकडा (तिचा अंगठ्याचा ठसाच म्हणा) काढून मूळ पानावरच्या आकड्याशी ताडून बघावा. दोन मिनिटांचं काम, संध्याकाळभराची डोकेदुखी वाचवतं.

ह्यानंतर एसडीएक्सएलचं १०२४ बाय १०२४ चं, ३० पायऱ्यांचं चित्र अर्ध्या मिनिटाच्या आत यायला लागलं. पण एक खोडी राहिली: कधीकधी तेच चित्र पाच-सात मिनिटं घेई, आणि चूक काहीच दिसत नसे. एनव्हिडियाचे नवे ड्रायव्हर कार्डाची मेमरी भरली की मुकाट्याने संगणकाची रॅम वापरू लागतात. टास्क मॅनेजरमध्ये ‘शेअर्ड’ मेमरीचा आलेख वर चढताना दिसला की हेच समजायचं. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनलमध्ये ही उसनवारी बंद करता येते. मग मेमरी भरल्यावर संगणक रेंगाळत नाही, सरळ चूक दाखवतो. चूक दिसली की इलाजही दिसतो: चित्र मोठं करताना व्हीएईचं काम तुकड्यांत करणारा ‘टाइल्ड’ नोड (कम्फीयूआयच्या मांडणीतला एक ठोकळा) लावला आणि प्रश्न मिटला.

संध्याकाळची वीज

संगणक संध्याकाळी सातनंतरच का बंद पडतो, ह्याचं उत्तर विंडोजच्या नोंदीत मिळत नाही. तिथे दरवेळी कर्नेल-पॉवर ४१ एवढंच असतं, म्हणजे संगणक नीट बंद न होता एकदम थांबला. कशामुळे थांबला ते आपण शोधायचं. एसएमपीएस कमी पडत असेल तर चित्र सुरू होताच, भार उसळताच संगणक बंद पडतो. इथे तो बंद पडायचा इन्व्हर्टरचा ‘टक्’ आवाज येई तेव्हाच.

घरगुती इन्व्हर्टरच्या मागे बहुधा एक बटण असतं: ‘नॉर्मल’ आणि ‘यूपीएस’. नॉर्मलवर तो फार कमी व्होल्टेजही चालवून घेतो, पण बॅटरीवर जायला वेळ लावतो. पंख्याला ते कळत नाही, संगणकाला कळतं. यूपीएसवर टाकलं तर बदल झटक्यात होतो, पण व्होल्टेज साधारण १८० च्या खाली गेलं की तो लगेच बॅटरी घेतो. घर लाइनच्या शेवटच्या टोकाला. संध्याकाळी व्होल्टेज १७० च्या घरात. बटण यूपीएसवर टाकल्यावर संगणक टिकला, पण रात्री दहाला बॅटरी संपून घरभर अंधार. सासऱ्यांनी बटण परत फिरवलं, आणि त्यांचं बरोबरच होतं.

तोडगा असा निघाला. इन्व्हर्टर घरासाठी नॉर्मलवरच. संगणकाला वेगळा ११०० व्हीएचा, व्होल्टेज वर उचलून देणारा लाइन-इंटरॅक्टिव्ह यूपीएस. तो इन्व्हर्टरच्या लाइनवर लावायचा नाही, थेट मेनच्या सॉकेटवर, कारण चौकोनी वेव्हच्या इन्व्हर्टरची वीज असे यूपीएस अनेकदा नाकारतात. ६०० व्हीएचा स्वस्त यूपीएस कागदावर पुरतो, पण कार्डाचा भार क्षणभर उसळतो तेव्हा तो मान टाकतो. जोडीला एनव्हिडिया-एसएमआय ह्या कमांडने कार्डाची मर्यादा १७० वरून १३० वॉटवर आणली. वेग थोडासा कमी झाला, उष्णता आणि उसळी बऱ्याच कमी झाल्या. ही मर्यादा संगणक बंद केला की पुसली जाते, म्हणून टास्क शेड्यूलरमध्ये प्रशासकाच्या अधिकाराने सुरुवातीलाच चालेल अशी घालून ठेवली. पूर्ण भारावर सगळा संगणक २५० वॉट घेतो असं धरलं तरी तासाला पाव युनिट होतं. विजेच्या बिलाची भीती इथे उगाच बाळगली जाते.

अर्थिंगची भीती मात्र उगाच नव्हती. जांभ्याच्या कातळात खणलेला अर्थिंगचा खड्डा मे महिन्यात सुकून कोरडा पडतो. मल्टीमीटरने न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये १५ व्होल्टच्या वर दाखवलं. दोन-तीनच्या आत असायला हवं. कॅबिनेटला हात लावल्यावर येणाऱ्या झिणझिण्याही त्यामुळेच. मीठ-कोळसा नव्याने भरून आणि उन्हाळाभर खड्ड्यात पाणी घालून आकडा खाली आला. मेच्या अखेरीस आणि ऑक्टोबरात गडगडाट सुरू झाला की प्लग काढायचाच. यूपीएस विजेच्या लोळाला अडवत नाही. फायबरचं नेट असलं तरी गाफील राहू नये: काच वीज वाहत नाही, पण खांबावरून येणाऱ्या केबलमध्ये अनेकदा आधारासाठी लोखंडी तार असते.

रातांबा

आता यंत्र नीट चालत होतं आणि आगळाच्या लेबलासाठी चित्रं येऊ लागली. मॉडेलला इंग्रजीतूनच सांगावं लागतं. मराठीत लिहिलं तर काहीबाही येतं. कोकम म्हणून मागितलं तर कधी आलुबुखार, कधी चेरी, बहुतेकदा जाड हिरव्या पाकळ्यांची टोपी घातलेला मँगोस्टीन. दोघं एकाच गार्सिनिया प्रजातीतले, पण मँगोस्टीनचे फोटो जगभर आहेत आणि कोकमाचे थोडे. सासूबाईंनी पडद्याकडे एकदाच बघितलं: “हो रातांबो न्हय.” (हा रातांबा नव्हे.) गिऱ्हाईकही हेच म्हणेल. शिवाय बाटलीत एक आणि चित्रात दुसरं फळ हे खाद्यपदार्थाच्या लेबलावर चालवून घेण्यासारखं नाही.

प्रॉम्प्ट, म्हणजे मॉडेलला दिलेलं वर्णन, लांबवून हे सुटत नाही. मॉडेलने जे पाहिलंच नाही ते शब्दांनी कसं सांगणार? म्हणून लोरा शिकवला: मूळ मॉडेलला न बदलता वर लावायची छोटी पूरक फाइल. त्यासाठी फोटो हवेत, आणि ते एप्रिल-मेमध्येच मिळतात, कारण पाऊस पडला की फळ खराब होतं. साध्या मोबाइलने ३० फोटो काढले: झाडावरचे, हातातले, कापलेले, ढीग करून ठेवलेले, सालं वाळत घातलेली.

पहिला लोरा फसला. रातांबा अगदी हुबेहूब आला, पण प्रत्येक चित्रात एक ॲल्युमिनियमचं पातेलंही आलं. अर्ध्याहून जास्त फोटो त्याच पातेल्यातले होते, आणि फोटोंच्या वर्णनात पातेल्याचा उल्लेख नव्हता. ज्याचं नाव वर्णनात नसतं ते मॉडेल त्या फळाचाच भाग धरतं. दुसऱ्यांदा फोटो सूप, केळीचं पान, सारवलेलं अंगण, लाकडी फळी अशा वेगवेगळ्या जागी काढले आणि प्रत्येक वर्णनात मागचं सगळं लिहिलं. फळासाठी मॉडेलला माहीत नसलेला, बनवलेला रोमन शब्द वापरला, म्हणजे जुन्या ओळखी आड येत नाहीत.

१२ जीबी कार्डावर एसडीएक्सएलचा लोरा शिकवताना कोह्या नावाच्या, लोरा शिकवायच्या साधनात ह्या गोष्टी लावाव्या लागतात: बॅच १, बीएफ-१६, ग्रेडियंट चेकपॉइंटिंग चालू, लेटंट आणि टेक्स्ट एन्कोडरचे निकाल आधीच साठवलेले, फक्त मुख्य जाळ्याचं प्रशिक्षण, रँक १६, शिकण्याचा दर ०.०००१. ३० फोटो, प्रत्येकाची ५ आवर्तनं, १० फेऱ्या, म्हणजे १,५०० पायऱ्या. तास-दोन तासांचं काम. दर फेरीला फाइल साठवायला सांगावं, एक तर वीज जाते म्हणून आणि दुसरं म्हणजे शेवटची फेरी क्वचितच सर्वांत चांगली असते. इथे सातवी निवडली. दहावीत फोटोंचीच नक्कल यायला लागली होती. चित्र काढताना लोराचं वजन ०.७ ठेवलं. १ ठेवलं की जलरंगाची शैली दबते आणि फोटोसारखं दिसतं.

घर आणि अंगणाचं दुखणं तेच, पण इलाज वेगळा. जांभ्याची भिंत मागितली की विटा येतात, कौलारू पडवी मागितली की बालीतलं हॉटेल. इथे लोराची गरज नव्हती. घराच्याच फोटोवरून रेषा काढून त्या कंट्रोलनेटला, म्हणजे चित्राला दिलेल्या रेषांवर धरून ठेवणाऱ्या पूरक मॉडेलला, दिल्या, ताकद ०.६ च्या आसपास. आकार घरचा राहिला, रंग मॉडेलने भरले. चिऱ्यांचा खडबडीतपणा शेवटी क्रिता ह्या चित्रं रंगवायच्या सॉफ्टवेअरमध्ये हातानेच द्यावा लागला.

फणसपोळीने मात्र हार मानायला लावली. फणस म्हटलं की दुरियानचे काटे, पोळीला इंग्रजीतला रूढ शब्द ‘फ्रूट लेदर’ वापरला की खरोखरच चामड्याचं पाकीट. शेवटी सुनेने पेन्सिलने गरे आणि पोळीची गुंडाळी काढली, पाण्याच्या रंगाने ढोबळ रंगवली, स्कॅन केली आणि चित्रावरून चित्र ह्या पद्धतीने ०.४५ डीनॉइझवर (मूळ चित्र किती बदलू द्यायचं त्याचा आकडा) फक्त शैली जुळवून घेतली. सहांतलं तेच चित्र सर्वांत चांगलं आहे, हे आमचं मत.

लेबल छापताना

अक्षरं मॉडेलकडून काढून घेण्याचा हट्ट धरू नये. एसडीएक्सएल देवनागरीच्या नावाखाली लोंबत्या रेषा काढतं. चित्रात जागा मोकळी सोडायची आणि अक्षरं इंकस्केप ह्या रेखाटनाच्या सॉफ्टवेअरमध्ये, ‘मुक्ता’ किंवा ‘बलू’ ह्या फॉन्टने घालायची. जोडाक्षरं तिथे नीट येतात. एफएसएसएआयचा परवाना क्रमांक आणि शाकाहाराचं हिरवं चिन्हही तिथेच.

लेबल १० बाय ८ सेंटीमीटरचं. ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) ते ११८१ बाय ९४५ पिक्सेल होतं, चारही बाजूंना ३ मिलीमीटर कापण्याची जागा धरली तर १२५२ बाय १०१६. म्हणून चित्र ११५२ बाय ८९६ वर काढलं, जो एसडीएक्सएलच्या सवयीचा आकार आहे, आणि मग दुप्पट मोठं केलं. सरळ मोठ्या आकारात मागितलं की एका फांदीऐवजी दोन झाडं येतात.

पडद्यावरचा रातांब्याचा गडद जांभळट लाल छापल्यावर तपकिरी पडला. सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार शायांत, तो रंग तसा बसतच नाही. छापखान्याचा रंगांचा प्रोफाइल मागून घेऊन क्रितामध्ये सॉफ्ट प्रूफ (छापल्यावर रंग कसे दिसतील त्याची पडद्यावरची झलक) लावून बघितलं, लाल थोडा उजळ केला, निळा कमी केला आणि मगच स्क्राइबस ह्या छपाईच्या मांडणीच्या सॉफ्टवेअरमधून पीडीएफ काढली. पाचशे लेबलं छापायच्या आधी एक कागद छापून बाटलीवर गुंडाळून, उन्हात आणि ट्यूबलाइटखाली बघावा.

पावसाळ्यात संगणक महिना-महिना झाकून ठेवणं सर्वांत वाईट. चालू असताना तो गरम असतो, दमट हवा बसत नाही. बंद ठेवला की रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर खारट हवेचा थर धरतो आणि चालू करताना नुसत्या बीपा येतात. रोज अर्धा तास तरी चालवावा. बीप आली तर रॅम काढून पट्ट्या पेन्सिलच्या खोडरबराने हलक्या हाताने पुसाव्या. टेबल समुद्राकडच्या खिडकीपासून दूर, कॅबिनेटच्या मोकळ्या भोकांना बारीक जाळी, कारण मुंग्या आणि पाली उबेला एसएमपीएसमध्ये शिरतात.

कम्फीयूआय प्रत्येक पीएनजीमध्ये ते चित्र बनवण्याची सगळी मांडणी साठवून ठेवतं. पुढच्या हंगामात तीच फाइल खिडकीत ओढून टाकली की मॉडेल, लोरा, वजन, सीड (चित्र ज्यावरून सुरू होतं तो आकडा) सगळं परत उभं राहतं. पण व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलेली प्रत पुन्हा दाबली जाते आणि आतली मांडणी पुसली जाते. छापखान्याला पाठवायचं झालं तरी डॉक्युमेंट म्हणून पाठवावं, आणि मूळ पीएनजी, लोराची फाइल आणि रातांब्याचे ३० फोटो हार्ड डिस्कबरोबरच एका पेनड्राइव्हवर वेगळे ठेवावेत. फोटो हरवले तर पुढच्या एप्रिलपर्यंत थांबावं लागतं.